एकविसाव्या वाढदिवसाची तारीख

घरातल्या एका खणात दोन पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोन्ही निळेच. एकावर सिंहमुद्रा, दुसऱ्यावर गरुड. थोरली पुण्यात जन्मली आणि तीन वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून न्यूअर्कला उतरली. धाकटा एडिसनजवळच्या इस्पितळात जन्मला. दोघं एकाच शाळेत गेली, एकाच पिवळ्या बसमधून. रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत दोघांनी भारती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातले धडे वाचले. आजीशी फोनवर बोलताना दोघांचा ‘ळ’ सारखाच अडखळतो. पण अमेरिकेच्या कायद्याला या दोन भावंडांत जितकं अंतर दिसतं, तितकं दोन अनोळखी माणसांतही क्वचितच असेल.

धाकट्याचं सोपं आहे. चौदावी घटनादुरुस्ती १८६८ सालची. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क या स्वयंपाक्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये सांगितलं, की आईवडील परके असले तरी या भूमीवर जन्मलेलं मूल इथलं नागरिक आहे. तेव्हापासून असंख्य घरं या निकालावर उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने यालाच हात घातला. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर यापुढे जन्मणाऱ्या बाळाला नागरिकत्व नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरची सगळी तरुण मराठी जोडपी त्यात आली. न्यायालयांनी त्या वर्षी अंमलबजावणी रोखली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तो आदेश मागे वळून बघत नव्हता. आधी जन्मलेल्या धाकट्याला त्यातून धोका नव्हता.

मला लिहायचं आहे ते थोरलीबद्दल. तिच्याबद्दल बातम्या कमी येतात आणि मंडळाच्या गणेशोत्सवातही कुणी मोठ्याने बोलत नाही. ती एच-४ वर आहे. एच-१बीवर काम करणाऱ्याचा जोडीदार आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं एच-४ वर राहतात. थोरलीला शाळेत जाता येतं, कॉलेजात जाता येतं, गाडी चालवता येते. काम करता येत नाही. २०१५ पासून काही अटींवर आईला एच-४ वर नोकरीची परवानगी मिळते, मुलांना नाही. म्हणून बरोबरीच्या मैत्रिणी सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात उभ्या राहतात तेव्हा ही घरी असते. धाकट्याचा सोशल सिक्युरिटी नंबर जन्मानंतर काही आठवड्यांत पोस्टाने येतो. हिच्याकडे करभरणीपुरता आयटिन. त्यामुळे आईवडिलांच्या कराच्या अर्जात धाकट्यामागे २०२५ सालासाठी २,२०० डॉलरपर्यंतची सवलत मिळते आणि हिच्यामागे फक्त ५००. ही रक्कम कुणी मुलीला सांगत नाही, पण दरवर्षी एप्रिलच्या आधी बापाला ती दिसतेच.

आणि एकविसाव्या वाढदिवशी एच-४ संपतो.

आता ही वेळ का येते, ते. नोकरीच्या आधारावर दिली जाणारी ग्रीनकार्डं वर्षाला १,४०,०००. १९९० च्या कायद्याने ठरवलेला आकडा, आणि त्यात नोकरदाराबरोबर त्याचा जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त नाहीत. उच्च पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांच्या ईबी-२ या वर्गाचा वाटा वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास, त्याचे सात टक्के म्हणजे सुमारे २,८००. दुसऱ्या देशांनी न वापरलेली कार्डं कधी कधी भारताच्या रांगेकडे वळतात, पण रांगेच्या लांबीपुढे ती थोडीच. २०२५ च्या उन्हाळ्यात परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये भारतासाठी ईबी-२ ची तारीख होती १ जानेवारी २०१३. म्हणजे ज्यांच्या कंपनीने २०१२ संपण्याआधी लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे ग्रीनकार्डाच्या पहिल्या पायरीचा, अर्ज टाकला होता, त्यांची पाळी. मुलगी तेव्हा दुसरीत असली, तर आता ती कॉलेजात आहे.

अर्ज टाकल्याच्या त्या पहिल्या तारखेला प्रायॉरिटी डेट म्हणतात. नोकरी बदलली तरी, आय-१४० हा कंपनीने ग्रीनकार्डासाठी भरलेला पुढचा अर्ज एकदा मंजूर झालेला असेल तर, ती तारीख सहसा हातातून जात नाही. पण मुलीचं वय त्या तारखेला गोठत नाही. मुळातली अडचण ही आहे. कॅनडात आर्थिक वर्गातल्या बहुतेक स्थलांतर योजनांत अर्ज पोचला त्या दिवशीचं मुलाचं वय कायम धरतात, आणि २०१७ पासून मर्यादाही बावीस वर्षांखालची आहे. अमेरिकेत वय धावत राहतं आणि रांग रांगत राहते.

यावर उतारा म्हणून ६ ऑगस्ट २००२ ला चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट आला. आपल्याकडे सगळे त्याला सीएसपीए म्हणतात. बऱ्याच जणांचा समज असतो, की हा कायदा आहे म्हणजे मुलगी सुरक्षित. तो वजाबाकीचा कायदा आहे, आणि वजाबाकी स्वतः कागदावर करून बघितल्याशिवाय झोपू नये. पाळी आली त्या दिवशीचं मुलीचं खरं वय घ्यायचं. कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज सरकारकडे जितके दिवस पडून होता तितके दिवस त्यातून वजा करायचे. उरलेलं वय एकविसाच्या खाली आलं, मुलगी अविवाहित असली आणि पाळी आल्यापासून एका वर्षाच्या आत ग्रीनकार्डासाठी पाऊल उचललं, तर ती ‘मूल’ ठरते.

उदाहरणाने सांगतो. मुलगी १० जून २००४ ला जन्मली. प्रायॉरिटी डेट फेब्रुवारी २०१३. आय-१४० भरला १ मार्च २०१४ ला, मंजूर झाला १ नोव्हेंबर २०१४ ला. मधले दिवस २४५. पाळी आली १ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी मुलगी एकवीस वर्षं ओलांडून ११३ दिवस पुढे होती. २४५ वजा केले की ती एकविसाच्या आत येते, वाचते. आता हाच अर्ज कंपनीने प्रीमियम प्रोसेसिंगने भरला असता आणि बारा दिवसांत मंजूर झाला असता, तर वजा करायला फक्त बारा दिवस. मुलगी १०१ दिवसांनी बाहेर. घाई व्हावी म्हणून जास्तीचे हजाराहून अधिक डॉलर भरले आणि त्याच घाईने मुलीचे दिवस खाल्ले, असं होतं. लहान मुलं असलेल्या घरात, एच-१बीची सहा वर्षं संपत आलेली नसतील आणि दुसरी निकड नसेल, तर आय-१४० साध्या गतीने जाऊ द्यायचा का, हे वकिलाला आधीच विचारावं. कंपनीचा वकील हे आपणहून सांगेलच असं नाही. त्याचा अशील कंपनी आहे, तुमची मुलगी नाही. नोकरी बदलल्यावर जुनी प्रायॉरिटी डेट बरोबर येते, पण वजा होणारे दिवस मोजले जातात ते ज्या आय-१४० वर अखेरचा अर्ज उभा आहे त्याचे. जुन्या अर्जाचे आठ महिने आणि नव्याचे दहा दिवस असं झालं, तर हिशेब फिरतो.

‘पाळी आली’ म्हणजे नक्की कधी, यावरही बरंच घडून गेलंय. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक अंतिम तारखांचा, एक अर्ज भरण्याच्या तारखांचा, आणि दुसरा बहुधा पुढे असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये दुसरा तक्ता एकदम पुढे सरकला आणि हजारो घरांनी अर्ज भरले, पण मुलांचं वय तेव्हा पहिल्या तक्त्यावरून मोजायचे. अर्ज आत आणि मूल बाहेर, अशी स्थिती झाली. १४ फेब्रुवारी २०२३ ला स्थलांतर सेवेने धोरण बदललं आणि वय दुसऱ्या तक्त्यावरून मोजायला सुरुवात केली. कित्येक मुलं त्या एका निर्णयाने सावरली. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना पुन्हा पहिला तक्ता लागू झाला. तेव्हा एखाद्या ओळखीच्याच्या मुलाचं दोन वर्षांपूर्वी जमलं, म्हणून आपलं जमेल असं धरू नये. नियम तोच दिसतो, तक्ता बदललेला असतो.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. सीएसपीएने वय वाचलं तरी एच-४ वाचत नाही. एच-४ खऱ्या वाढदिवसालाच संपतो. आय-९४ वर, म्हणजे देशात राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीवर, पुढची तारीख छापलेली असली तरीही. तेव्हा ग्रीनकार्डाचा अर्ज आधीच आत असेल तर त्याच्या आधारावर राहता येतं, नसेल तर त्या दिवसाआधी दुसरा व्हिसा हवा.

हा दुसरा व्हिसा म्हणजे बहुतेकांसाठी विद्यार्थ्यांचा एफ-१. वीस वर्षं पूर्ण झाल्यावर जागं होणं म्हणजे उशीर. कॉलेजकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला मागवायचा, सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी भरायची, मग आय-५३९ अर्जाने स्थिती बदलून मागायची. आय-५३९ चा निकाल यायला महिने लागतात, म्हणून वाढदिवसाच्या निदान सहा-आठ महिने आधी कागद हातात हवेत. अर्ज वाढदिवसाआधी आणि मुलगी वैध स्थितीत असतानाच पोचला पाहिजे. दुसरा रस्ता भारतात जाऊन, मुंबईत असेल तर बीकेसीतल्या वकिलातीत, मुलाखत देण्याचा. तिथे तिला सिद्ध करावं लागतं, की शिक्षण संपलं की मी माझ्या देशी परतेन. तीन वर्षांची असताना जी पुण्यातून निघाली, जिला तिथल्या घराचा जिना तेवढा आठवतो, तिने हे सांगायचं. आणि अर्जात प्रश्न असतो, की तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज भरला आहे का. बापाच्या अर्जात ती सामील होती, याचं उत्तर कसं लिहायचं हे आधी वकिलाशी बोलून ठरवावं. दडवून काहीही लिहू नये. एकदा खोटं ठरलं, तर पुढची सगळी दारं बंद होतात.

एफ-१ वर कधी जायचं, हा घरोघरी वादाचा विषय. एच-४ वर असेपर्यंत अनेक राज्यांत सरकारी विद्यापीठं राज्यातल्या रहिवाशांची फी लावतात. एफ-१ झाल्यावर काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांची फी सुरू होते, ती दुपटी-तिपटीने जास्त असू शकते. म्हणून काहीजण विसाव्या वर्षापर्यंत थांबतात. पण एच-४ वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली इंटर्नशिप हाच पुढच्या नोकरीचा उंबरठा असतो. माझं मत विचाराल तर, घरची ऐपत असेल तर लवकर बदलावं. फी भरून निघते, हुकलेली दोन वर्षं निघत नाहीत. पण प्रवेश घेण्याआधी त्या त्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला लेखी विचारून घ्यावं, की एफ-१ झाल्यावर रहिवासी फी कायम राहील का. राज्याराज्यात आणि कधी एकाच राज्यातल्या दोन विद्यापीठांतही उत्तर वेगळं येतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शिक्षणमदत तिला दोन्ही स्थितींत मिळत नाही. धाकटा मात्र चार वर्षांनी तोच अर्ज भरेल, आणि मदतीला पात्र असेल.

एफ-१ नंतरचं पुढचं गणित भारतातून काल आलेल्या विद्यार्थ्यासारखंच. पदवीनंतर बारा महिने काम, विज्ञान-अभियांत्रिकी असेल तर आणखी चोवीस. मग एच-१बीची सोडत. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांना २०,०००, अर्ज त्याच्या कित्येक पट. निवड झाली, की ती स्वतःच्या नावाने रांगेत उभी राहते. बापाच्या रांगेत घालवलेली सतरा-अठरा वर्षं तिच्या खात्यात जमा होत नाहीत. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

‘ड्रीमर्स’ हा शब्द ऐकून काही पालक विचारतात, आमच्या मुलांना डाका का नाही. डाका हा लहानपणी आलेल्या आणि कागद नसलेल्या मुलांना, म्हणजे ‘ड्रीमर्स’ना, हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारा कार्यक्रम जून २०१२ चा. त्याच्या अटींत १५ जून २०१२ ला मुलाकडे वैध स्थिती नसणं हीच एक अट होती. ज्यांचे कागद नीट होते, ती मुलं त्याच कारणाने बाहेर राहिली. दीप पटेल या तरुणाने २०१७ मध्ये अशा मुलांसाठी ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’ ही संघटना सुरू केली आणि ‘डॉक्युमेंटेड ड्रीमर्स’ हा शब्द रुळला. त्यांच्या हिशेबाने अशी मुलं अडीच लाखांच्या घरात आहेत. ‘अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट’ हे त्यांच्यासाठीचं विधेयक २०२१ मध्ये मांडलं गेलं, २०२३ मध्ये पुन्हा मांडलं गेलं. दोन्ही पक्षांचे सदस्य त्यावर होते, तरी ते कायदा झालं नाही.

घरात हे बोलावं कधी? चौदाव्या-पंधराव्या वर्षी, असं मी म्हणेन. हायस्कूलची पहिली इयत्ता. पालक टाळतात, कारण पोरीच्या डोक्याला ताप नको असं वाटतं. पण तिला बहुधा अर्धवट कळलेलं असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ‘नागरिक किंवा कायम रहिवासी’ या चौकटीपाशी ती थांबलेली असते, सहलीला कॅनडात जायचं तर वेगळा व्हिसा लागेल म्हणून ती मागे राहिलेली असते. आईबापाने सांगितलं नाही, की तिला वाटतं हे काहीतरी लाजेचं आहे. मराठी शाळेत ‘मी मोठी झाल्यावर’ हा निबंध लिहायला देतात, तेव्हा या मुली कोऱ्या कागदाकडे किती वेळ बघतात, हे शिकवणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं. तिच्यासमोर बसून सगळ्या तारखा एका कागदावर लिहाव्यात. जन्मतारीख, प्रायॉरिटी डेट, आय-१४० भरल्याची आणि मंजुरीची तारीख, त्यातले दिवस, एकविसावा वाढदिवस. आय-१४० च्या मंजुरीची प्रत कंपनीकडे असते आणि कंपनी ती द्यायला टाळाटाळ करते. मिळत नसेल तर निदान पावतीचा क्रमांक घ्यावा, त्यावरून पुष्कळ कळतं.

भावंडांचं नातं यात कसं ताणलं जातं, तेही बघायला हवं. धाकटा एकवीस वर्षांचा झाला, की तो आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो. नागरिकाच्या आईवडिलांना कोटा नाही, रांग नाही. बहिणीसाठीही तो अर्ज करू शकतो, पण भावंडांच्या त्या वर्गात भारतासाठी २०२५ मध्ये २००६ सालच्या अर्जांची पाळी चालू होती. म्हणजे ज्या मुलाला तिने चालायला शिकवलं, तो तिला हात देऊ शकेल तेव्हा ती चाळिशीच्या पुढे असेल. आईवडिलांना ग्रीनकार्ड मिळाल्यावर ते मोठ्या मुलीसाठी अर्ज करू शकतात, तो रस्ता थोडा जवळचा, पण तिथेही वर्षं जातात आणि त्या काळात तिने लग्न केलं तर अर्ज रद्द होतो. हे वाक्य वकील सहज म्हणून जातात. घरात ते सहज म्हणता येत नाही.

काही मुलं कॅनडाला जातात. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने एच-१बीधारकांसाठी दहा हजार वर्क परमिट खुले केले, कुटुंबासकट. ते दोन दिवसांत संपले. काही मुलं भारतात येतात. भारतात यायचं असेल तर तेही आधी ठरवावं लागतं. एनआयटीसारख्या संस्थांत परदेशात शिकलेल्यांसाठीच्या डासा योजनेतून शिरायचं तर अकरावी-बारावी परदेशात झालेली लागते आणि जेईई मेन द्यावी लागते. तिच्या अमेरिकी शाळेत त्या परीक्षेची तयारी कुणी करून घेत नाही. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याला अधिवास लागतो, तो तिच्याकडे नसतो. जन्मगाव पुणे आणि पासपोर्ट भारतीय असूनही पुण्याच्या कॉलेजात ती बाहेरची. धाकट्याचं तिथे उलट चित्र. त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड, ते हवं तितकी वर्षं राहू देतं, पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेपासून नीटच्या प्रवेशात त्याला अनिवासींच्याच जागा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना लागू नाही असं म्हटलं. ज्याचं ओसीआय २०२१ च्या मार्चआधीचं आहे, त्याने ते जुनं कार्ड आणि त्यावरची तारीख सांभाळून ठेवावी.

शेवटचं एक, किरकोळ वाटणारं, पण मी पाहिलेल्या चुकांतली सगळ्यात सामान्य. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. दिवाळीत किंवा आजोबांच्या आजारपणात भारतात जाऊन परत आल्यावर विमानतळावरचा अधिकारी मुलीचा आय-९४ पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच देतो, आईबापाचा मात्र व्हिसाच्या मंजुरीइतका लांब. पुढे बापाच्या एच-१बीची मुदत कंपनी वाढवून घेते, आणि सगळ्यांना वाटतं घराचं झालं. मुलीची मुदत त्यात येत नाही. तिच्यासाठी वेगळा आय-५३९ लागतो. अशी मुलगी कित्येक महिने स्थितीबाहेर राहते आणि एफ-१ चा अर्ज भरायला बसल्यावर ते उघड होतं. म्हणून परतीच्या प्रवासाआधी पासपोर्टची मुदत बघावी, वर्षाहून कमी उरली असेल तर भारतातच नवा करून घ्यावा. आणि न्यूअर्कला उतरल्यावर, सामान पट्ट्यावर येईपर्यंत, फोनवर सरकारच्या संकेतस्थळावर मुलीचा आय-९४ उघडून तारीख बघावी. धाकटा तोवर ट्रॉली आणतो.